वळचणीपासून वाचायचं घर

उळवीच्या आसपासच्या वाड्यांमधलं जुनं कुणबी घर लांबून पाहिलं की नजरेत भरतं ते छप्पर. भिंत जवळजवळ दिसतच नाही. वळचण इतकी खाली उतरलेली असते की पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने घर उभारायला निघालेल्या, आणि तेही विजेच्या तारेवाचून राहू म्हणणाऱ्या माणसाने सोलर पॅनेलचे भाव विचारण्याआधी या वळचणीखाली एक अख्खा पावसाळी दिवस बसून काढावा, असं मला मनापासून वाटतं.

उळवी ज्या जोयडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. एवढ्या पावसात मातीचं घर टिकतं कसं, हे वळचणीखाली बसल्यावर उलगडतं. भिंतीला धोका दोन पाण्यांचा. एक वाऱ्याबरोबर आडवं येणारं, दुसरं पागोळ्यांचं, जे अंगणात पडून पुन्हा उसळतं. आडव्या पाण्याला तीन-चार फूट पुढे आलेली वळचण अडवते. उसळणाऱ्या पाण्यासाठी दोन फुटांचं दगडी जोतं असतं, म्हणजे चिखलाचे शिंतोडे दगडावर पडतात, मातीला शिवत नाहीत. पावसाच्या बाजूला आणखी झावळ्यांचा किंवा गवताचा आडोसा बांधतात. छप्पर, जोतं आणि आडोसा यांची एकमेकांशी ही जी सांगड आहे, ती मला या घराची सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. यातलं एक काढलं की बाकीची दोन निकामी. शहरातून येऊन मातीचं घर बांधणारे पुष्कळदा भिंतीच्या प्रेमात पडतात, ती दिसावी म्हणून वळचण आखूड ठेवतात, आणि पहिल्याच आषाढात भिंतीचा तळ सुटायला लागतो.

भिंत मात्र सावकाश वाचावी. लाल माती भिजत घालतात, भाताचा पेंढा टाकून पायांनी मळतात, आणि दीडेक फुटाचा थर रचून थांबतात. तो अंगठ्याने दाबला तरी दबेनासा झाला की वरचा थर. आठ फूट उंचीला असे पाच-सहा थर लागतात. भिंत एका दमात उठत नाही आणि उठवूही नये. ओल्या थरावर दुसरा चढवला की खालचा फुगतो आणि ओळंबा चुकतो. म्हणून इथलं बांधकामाचं पंचांग ठरलेलं आहे. दिवाळी सरली की माती मळायला घ्यायची. माघी पौर्णिमेला चन्नबसवेश्वराच्या जत्रेसाठी धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या उळवीत येतात, तोवर भिंती आढ्याच्या बेतात आलेल्या हव्यात. मृगाआधी कौलं चढलीच पाहिजेत.

अशी हातभर जाडीची भिंत एप्रिलच्या दुपारचं ऊन पोटात घेते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र पडते. डोंगरातली रात्र गार असल्यामुळे ती उष्णता कुणाला जाचत नाही. पावसाळ्यात हीच माती हवेतला दमटपणा शोषून घेते आणि उघडीप मिळाली की सोडते. पंखा कमी लागतो तो यामुळे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की तिचं हे श्वास घेणं बंद पडतं. ओल आत अडकते, गिलाव्याची खपली निघते आणि निघताना माती घेऊन येते. शेण-मातीचं सारवण दरवर्षी करावं लागतं ही तक्रार खरी आहे, पण त्याला लागणारं सगळं सामान अंगणात असतं.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांना मुंबईत गांधीजी भेटले होते. घराचं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी पुढे केरळात आयुष्यभर जपला. उळवीत ही कसोटी लावून पाहावी. माती उतरते, दगड उतरतो, पेंढा उतरतो. बांबू आणि लाकूड डोळ्यांसमोर असूनही उतरत नाहीत, कारण भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे आणि तिथली काडीही परवानगीवाचून तोडता येत नाही. तेव्हा जुन्या मोडलेल्या घराचे वासे शोधावेत. मंगळुरी कौल तर बाहेरूनच आलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून ते गवताच्या छपरांची जागा घेत गेलं. आज ते परकं वाटत नाही, कारण त्याने गवती छपराचा उतार आणि वळचण दोन्ही तशीच ठेवली.

आत गेलं की या घराची उणी बाजू भेटते. खाली आलेल्या वळचणीमुळे माजघरात भर दुपारी अंधार असतो, आणि चुलीचा धूर. अंधारावर दोन-चार काचेची कौलं बसवली की काम भागतं. धुराचं तसं नाही. बायकांचे डोळे आणि फुप्फुसं त्याने खराब होतात, तो जायलाच हवा. पण वाशांना कीड लागू नये, बियाणं कोरडं राहावं, ही कामंही हाच धूर करत होता. धुराडं बसवलं की बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्यावं लागतं. धूरच नको असेल तर बायोगॅसचा पर्याय आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस तयार केला, त्याला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. डोंगरातल्या गारठ्यात गॅस कमी सुटतो, त्यामुळे जोडीला सुधारित चूल ठेवावीच.

आता वीज. या तालुक्याचं जुनं मुख्य गाव सुपा काळी नदीवरच्या धरणात बुडालं. ते धरण १९८७ साली पुरं झालं. त्याच्या पाण्यावरची वीज दूरच्या शहरांत गेली, आणि इथल्या जंगलातल्या वाड्यांपर्यंत तारा यायला फार वर्षं लागली. इथे तारेवाचून राहणं हा नवा प्रयोग नाही, पुष्कळांच्या वाट्याला आलेली ती स्थिती होती. हे विसरून कुणी ते मिरवू नये.

एक किलोवॉटचं पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट देतं. जुलैत त्याच्या निम्म्याचाही भरवसा नाही. पण नेमकं तेव्हाच घरामागचा ओढा भरून वाहत असतो. सेकंदाला पाच लिटर पाणी दहा मीटर खाली आणलं तर हिशेबाने ४९० वॉट निघतात. छोट्या टर्बाइनमधून हातात निम्मे आले तरी ते रात्रंदिवस येत राहतात, म्हणजे दिवसाला सहा युनिटच्या आसपास. कर्नाटकच्या मलनाड भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी अशी टर्बाइनं बसवली आहेत. ऊन ओसरतं तिथे पाणी सुरू होतं आणि पाणी आटतं तिथे ऊन. या जागेचं वर्ष असं दोन हातांनी वीज देतं, फक्त ओढ्यातला पाला रोज जाळीवरून काढायला माणूस हवा.

सगळ्यात लांबून येते ती बॅटरी, आणि सगळ्यात आधी तीच थकते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. ती टिकावी असं वाटत असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. पाच एलईडी दिवे, दोन बीएलडीसी पंखे, फोन, पाण्याचा छोटा पंप एवढं त्यात बसतं. फ्रिज बसत नाही. म्हणून घराचा नकाशा काढताना उत्तरेच्या भिंतीत जोत्यालगत जाळीचं थंड फडताळ धरावं, आणि पाण्याची टाकी ओढ्याच्या वरच्या अंगाला, न्हाणीच्या छपराहून उंच ठेवावी. मग पंपही क्वचितच लागतो.