कॉम्प्युटर ग्राफिक्सचे स्वयंशिक्षण आणि मोफत साधने : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकण्याची दर्जेदार साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. तथापि साधन मोफत मिळणे आणि शिक्षण सुलभ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रामीण भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या साधनांची, विशेषतः आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची, चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : स्वयंशिक्षण, मुक्त सॉफ्टवेअर, मराठी माध्यम, भूमिती.

प्रस्तावना

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याची गावे होत. येथील सामान्य माणसाचा ग्राफिक्सशी संबंध येतो तो मुख्यत्वे डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, यात्रेची जाहिरात, वाढदिवसाचा फ्लेक्स ही तेथील नित्याची कामे. बहुतेक वेळा तयार नमुना उघडून त्यातील नावे व छायाचित्रे बदलली जातात. या कामाला हातोटी लागते, हे नाकारता येत नाही. परंतु तयार नमुने आता मोबाइलवरील अ‍ॅप आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही क्षणात पुरवू लागली आहे. अशा वेळी नमुना वापरणाऱ्या हातांना नमुना घडविण्याची विद्या कशी मिळेल, हा प्रश्न केवळ हौसेचा न राहता उपजीविकेचा ठरतो.

मोफत साधनांची परंपरा

मोफत म्हणजे दुय्यम, हा समज प्रथम दूर करणे आवश्यक आहे. छायाचित्र-संस्करणाचे जिंप हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहावयास घेतले. रेखाचित्रांसाठीचे इंकस्केप २००३ मध्ये आकारास आले. त्रिमितीय चित्रणाचे ब्लेंडर २००२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे एक लाख युरो उभे करून सर्वांसाठी मुक्त करण्यात आले. याच ब्लेंडरमध्ये घडविलेल्या 'फ्लो' या लाटव्हियन चित्रपटास २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. देवनागरीपुरते बोलायचे तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट मुक्त परवान्याने वापरता येतात. सारांश, साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती साधनापर्यंत नेणाऱ्या वाटेची.

स्पोकन ट्युटोरियल : गुण आणि मर्यादा

ही वाट बांधण्याचा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने उभारलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती तयार करण्यात आल्या. मूळ निवेदन इंग्रजी, त्यावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील निवेदन आणि सोबत वेळेनुसार लिहिलेली संहिता अशी त्यांची रचना आहे. विद्यार्थ्याने एका खिडकीत फीत व दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडून पावलागणिक अनुकरण करावे, अशी ही पद्धत आहे. शिक्षकाविना शिकणाऱ्याचा विचार आरंभापासून केला जाणे हा या प्रकल्पाचा मोठा गुण होय.

तथापि दोन मर्यादा स्पष्ट दिसतात. पहिली, आवृत्तीची. ब्लेंडरविषयीची मालिका २.५९ या आवृत्तीवर रचलेली होती. २०१९ मध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीने पडद्याची मांडणी बदलली; वस्तू निवडण्यासाठी पूर्वी माउसचे उजवे बटण दाबावे लागे, तेथे डावे आले. पावलागणिक अनुकरण करणारा विद्यार्थी अशा ठिकाणी पहिल्याच पावलाला अडतो. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. 'हे बटण दाबा' हे मराठीत कळते; ते दाबल्यावर आकृती तशीच का वळते, हे कळत नाही. कृतीचे भाषांतर झाले, कारणाचे राहून गेले.

उपेक्षित राहिलेले पूर्वज्ञान

वस्तुतः ही कारणे मराठी विद्यार्थ्यास अपरिचित नाहीत. दहावीच्या भूमितीत तो निर्देशक भूमिती शिकतो. रेषाखंडास दिलेल्या गुणोत्तरात विभागणाऱ्या बिंदूचे निर्देशक काढण्याचे विभाजनाचे सूत्र तेथेच येते. इंकस्केपमधील बेझिए वक्र याच सूत्राच्या पुनरावृत्तीने बनतो. चार बिंदू घ्यावेत. लगतच्या बिंदूंना जोडणारे तीन रेषाखंड एकाच गुणोत्तरात विभागावेत. मिळालेल्या तीन बिंदूंवर तीच क्रिया करावी, मग उरलेल्या दोहोंवर. शेवटी हाती येणारा एकमेव बिंदू वक्रावरचा असतो. गुणोत्तर बदलत नेले की संपूर्ण वक्र उमटतो. फ्रान्समधील मोटार कारखान्यांत गाडीच्या बाह्याकारासाठी विकसित झालेली ही रीत आज फॉन्टमधील अक्षरांच्या कडाही रेखते. त्याचप्रमाणे दूरची वस्तू लहान दिसणे हे समरूप त्रिकोणांचे, तर आकृतीचे फिरणे हे त्रिकोणमितीचे उपयोजन आहे.

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचीही हीच कथा. त्यांतील अक्षरलेखन आणि घनभूमिती यांचा ब्लेंडरमधील समोरील, वरील व बाजूच्या दृश्यांशी थेट संबंध आहे. मात्र तो जोडून दाखविला जात नाही. परिणामी शाळेत मराठीतून मिळविलेले ज्ञान एका कप्प्यात आणि संगणकावरील इंग्रजी आज्ञा दुसऱ्या कप्प्यात राहतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आधी हात बसू द्यावा, गणित नंतर पाहता येईल. आक्षेपात तथ्य आहे. आवड कृतीतूनच निर्माण होते. मात्र प्रस्तुत लेखातील मुद्दा क्रमाचा नाही. स्वयंशिक्षणात अडलेल्यास विचारण्यासाठी समोर कोणी नसते. त्याच्याजवळ तत्त्व असेल तर बदललेल्या पडद्यावरही तो वाट शोधतो; केवळ कृती असेल तर नव्या फितीची प्रतीक्षा करतो.

निष्कर्ष

१. ग्राफिक्सच्या मोफत साधनांचा दर्जा व्यावसायिक कामास पुरेसा आहे. अडसर किमतीचा नसून मार्गदर्शनाचा आहे.

२. स्पोकन ट्युटोरियलने भाषेचा अडसर कृतीच्या पातळीवर कमी केला. तत्त्वाच्या पातळीवर तो कायम आहे.

३. मराठी पाठ दोन स्तरांत लिहिले जावेत : न बदलणारे तत्त्व एका स्तरात आणि आवृत्तीगणिक सुधारता येणारी कृती दुसऱ्या स्तरात.

४. हे पाठ लिहिण्यासाठी तालुक्याच्या महाविद्यालयातील गणित व संगणक विभाग आणि शाळांतील कलाशिक्षक यांनी एकत्र येणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मुक्त परवान्याच्या साहित्यात भर घालण्याची मुभा प्रत्येकास असते.

शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याने आजवर या साहित्याचा ग्राहक म्हणून वापर केला आहे. त्याच्या दहावीच्या भूमितीला पडद्यापर्यंत पोहोचविले, तर तो त्याचा कर्ताही होऊ शकेल.