आजींच्या काठ्या आणि आपली नजर

मंडळी, 2020 सालचा आषाढ आठवा. माउलींच्या पादुका आपल्या आळंदीहून पंढरपूरला एसटीनं गेल्या. रस्ते ओस पडलेले. त्याच जुलैत पुण्यात 85 वर्षांच्या शांताबाई पवार पोटासाठी रस्त्यावर काठ्या फिरवत होत्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि बघता बघता व्हिडिओ देशभर गेला. रितेश देशमुखनं त्यांचा पत्ता विचारला, गृहमंत्री अनिल देशमुख भेटायला गेले.

'सामान्य आजी रातोरात प्रसिद्ध,' असं आपण म्हणालो. आम्हाला त्यातला 'सामान्य' हा शब्द खटकतो. वयाच्या आठव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली शिकलेली बाई सामान्य कशी? जोग महाराजांनी 1917 साली इथं वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं चार वर्षं घासून कीर्तनाला उभं राहणाऱ्याला आपण सामान्य म्हणत नाही. डोंबाऱ्याच्या घरातलं शिक्षण मात्र आपल्या हिशेबात धरलंच जात नाही.

आता व्हिडिओकडे कला म्हणून बघू. रस्त्यावरच्या खेळाला भोवती माणसांचं कडं लागतं. खेळ हळूहळू चढतो, शेवटी पैसे मागितले जातात. बघणाऱ्याला कलावंताच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. क्लिपमध्ये हे काहीच नाही. कीर्तनाचंही तेच होतं. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात विनोद उरतो, निरूपण कापलं जातं. आजींच्या बाबतीत त्यांचं वय उरलं, गरिबी उरली. दोन्ही हातांतल्या काठ्या एकाच लयीत कशा फिरतात, मनगट कुठं वळतं, यावर कोण बोललं? आपण हळहळलो, पण खेळ बघितला नाही.

म्हणून व्हिडिओ वाईट, असं आमचं म्हणणं नाही. बंद रस्त्यावर त्यानंच प्रेक्षक आणले, घरात चार पैसे आणले. पण आम्हाला मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. ऑगस्टमध्ये सोनू सूदच्या मदतीनं आजींचा शिकवणीचा वर्ग सुरू झाला. व्हिडिओत त्या दया येण्याजोग्या म्हातारी होत्या. वर्गात त्या गुरू झाल्या.

तेव्हा पुढच्या वेळी अशी क्लिप आली की पुढं पाठवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: हे ती कुणाकडून शिकली, आणि तिच्याकडून कोण शिकतंय?