‘स्लमडॉग मिलिनेअर’ : प्रेक्षकमते आणि चित्रपटातील प्रेक्षक

प्रस्तावना

डॅनी बॉइल दिग्दर्शित ‘स्लमडॉग मिलिनेअर’ हा चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत आणि २३ जानेवारी २००९ रोजी भारतात प्रदर्शित झाला. विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’ (२००५) या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला फेब्रुवारी २००९ मध्ये ८ ऑस्कर पुरस्कार प्राप्त झाले. जमाल, त्याचा थोरला भाऊ सलीम आणि लतिका ही मुंबईच्या रस्त्यावर वाढलेली तीन अनाथ मुले, त्यांना भिकेला लावणारी टोळी, एक खून आणि दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेतील दोन कोटी रुपयांचे बक्षीस, असे त्याचे स्थूल कथानक आहे. गुन्हेगारीचे कथानक, प्रेमकथा आणि परीकथा या तिन्हींचे मिश्रण त्यात आढळते.

या चित्रपटाविषयीची प्रेक्षकमते जितकी परस्परविरोधी होती, तितकी समकालीन चित्रपटांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आली असतील. ‘देशाची बदनामी की वास्तवाचे दर्शन?’ या एकाच प्रश्नाभोवती ही चर्चा फिरत राहिली. प्रस्तुत लेखात या मतांची वर्गवारी करून ती चित्रपटाच्या संहितेशी ताडून पाहिली आहे. बाहेरच्या प्रेक्षकांपैकी दोन वर्गांच्या प्रतिक्रिया चित्रपटाने आपल्या कथानकातच रेखाटून ठेवल्या होत्या; तिसऱ्या, म्हणजे झोपडपट्टीतील प्रेक्षकाविषयीची त्याची कल्पना मात्र अपुरी ठरली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रेक्षकमतांचे स्वरूप

पहिला वर्ग पाश्चात्त्य प्रेक्षकांचा. निराशेवर आशेने मिळवलेला विजय म्हणून या वर्गाने चित्रपटाचे स्वागत केले. त्याच वेळी ब्रिटिश वृत्तपत्रीय समीक्षेतून हा दारिद्र्याचा बाजार आहे, असा आक्षेपही पुढे आला. दुसरा वर्ग भारतीय मध्यमवर्गीय आणि सुशिक्षित प्रेक्षकांचा. अमिताभ बच्चन यांनी जानेवारी २००९ मध्ये, विकसित राष्ट्रांतही अशी काळोखी बाजू असतेच, या आशयाचे लिहिले. पुढे मात्र आपण इतरांची दोन्ही बाजूंची मते मांडली होती, असा खुलासा त्यांनी केला. सलमान रश्दी यांचा आक्षेप निराळा होता. त्यांनी कथानकातील असंभाव्यतेवर बोट ठेवले. धावत्या गाडीतून पडलेली मुले थेट ताजमहालापाशी कशी पोहोचतात, हा त्यांचा प्रश्न होता. तिसरा वर्ग झोपडपट्टीतील रहिवाशांचा. मुंबईत व पाटण्यात शीर्षकातील ‘डॉग’ या शब्दाविरुद्ध निदर्शने झाली. पाटण्यात चित्रपटगृहाची मोडतोडही झाली. हा शब्द आपणच घडविला आणि त्यामागे अवमानाचा हेतू नव्हता, असे पटकथाकार सायमन ब्यूफॉय यांनी स्पष्ट केले. दुसरीकडे, ऑस्कर सोहळ्याहून परतलेल्या बालकलाकारांचे त्यांच्या वस्तीत जल्लोषात स्वागत झाले, हेही नोंदविणे आवश्यक आहे. झोपडपट्टीचे मत एकसुरी नव्हते.

अशा प्रकारचा वाद नवा नाही. लुई बुन्युएल यांनी मेक्सिको शहरातील बेवारस मुलांवर काढलेला ‘लॉस ओल्व्हिदादोस’ (१९५०) तेथील प्रेक्षकांच्या रोषामुळे अवघ्या काही दिवसांत पडद्यावरून उतरला. १९५१ साली कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यानंतर त्याच देशात त्याची प्रतिष्ठा वाढली. परदेशी सन्मानामुळे देशी मत बदलावे, हा अनुभव ‘स्लमडॉग’च्या बाबतीतही आला. रहमान, गुलजार आणि रसूल पुकुट्टी यांना ऑस्कर मिळताच बदनामीची भाषा मागे पडून अभिमानाची भाषा पुढे आली. चित्रपट तोच होता. याचाच अर्थ असा की, या मतांचा बराचसा भाग कलाकृतीपेक्षा जगाच्या नजरेत आपण कसे दिसतो, या चिंतेशी निगडित होता.

चित्रपटातील तीन प्रेक्षक

चित्रपटाच्या संहितेकडे वळल्यास त्यात जमालकडे पाहणारे तीन प्रेक्षक स्पष्टपणे दिसतात. पहिला प्रेक्षक म्हणजे आग्र्याला आलेले अमेरिकन पर्यटक जोडपे. जमाल त्यांना धोबीघाट दाखवीत असताना इकडे त्यांच्या मोटारीचे भाग चोरीला जातात. चालक जमालला मारू लागतो, तेव्हा हाच खरा भारत, असे तो त्यांना सुनावतो. त्यावर ती स्त्री, खरी अमेरिका कशी असते ते दाखविण्यासाठी, नवऱ्याकडून शंभर डॉलरची नोट त्याच्या हाती देवविते. दुःख पाहणे, हळहळणे, पैसे देणे आणि पुढे निघून जाणे, हा क्रम येथे पूर्ण होतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाची करुणा आणि तिच्यावरील टीका ही दोन्ही या एका प्रसंगात सामावली आहेत.

दुसरा प्रेक्षक पोलीस निरीक्षक. इरफान खान यांनी साकारलेला हा निरीक्षक चहा पोहोचविणाऱ्या मुलाला उत्तरे येतीलच कशी, या संशयाने त्याचा छळ होऊ देतो, आणि अखेरीस त्याची हकिकत विचित्र असली तरी पटण्याजोगी मानतो. संभाव्यतेचा प्रश्न विचारणाऱ्या सुशिक्षित समीक्षकाची ही भूमिका आहे. या चौकशीतील एक तपशील महत्त्वाचा आहे. हजार रुपयांच्या नोटेवर कोणाचे चित्र आहे, हे जमालला सांगता येत नाही. शंभर डॉलरच्या नोटेवरील बेंजामिन फ्रँकलिन मात्र तो ओळखतो. ते नाव त्याला भिकेसाठी आंधळा करण्यात आलेल्या त्याच्या जुन्या सोबत्याने सांगितलेले असते. हजाराची नोट ज्याच्या हाती कधी आलीच नाही, त्याने ती ओळखावी कशी? संपत्तीविषयीचे ज्ञानही ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेल्या नोटेपुरतेच असते, हे येथे कोणत्याही भाष्याशिवाय सूचित होते.

तिसरा प्रेक्षक म्हणजे रस्त्यावरील जमाव. दुकानांच्या काचांपाशी, वस्त्यांतील दूरचित्रवाणी संचांसमोर तो जमालसाठी टाळ्या वाजवितो. चित्रपटाने गरीब प्रेक्षकाला दिलेली भूमिका एवढीच आहे. आपल्यातील एकाच्या भाग्याने त्याने आनंदित व्हावे. त्याला स्वतःचे मत असण्याची शक्यता चित्रपटाने गृहीत धरलेली नाही. प्रत्यक्षात मात्र याच वर्गातील काही जणांनी चित्रपटाच्या नावावरच हरकत घेतली. बऱ्याच समीक्षकांनी हा आक्षेप अडाणीपणाचा किंवा राजकीय म्हणून बाजूला सारला. वस्तुतः आपल्याला कोणत्या शब्दाने संबोधले जाते, हा प्रश्न मूलतः वाङ्मयीन आहे. दलित साहित्याने मराठी समीक्षेला नेमका हाच प्रश्न गांभीर्याने विचारात घ्यायला लावले आहे. शिवी ज्याला लागू होते त्याने ती स्वतः उच्चारणे आणि इतर कोणी ती त्याच्यासाठी घडविणे, यांतील अंतर मराठी वाचकाला नवे नाही. मोडतोडीचे समर्थन न करताही या आक्षेपातील अर्थ मान्य करता येतो.

भाषेच्या बाबतीतही हेच अंतर जाणवते. मूळ आवृत्तीत लहान मुले हिंदीत बोलतात आणि मोठी झाल्यावर इंग्रजीत. सहदिग्दर्शिका लवलीन टंडन यांच्या आग्रहामुळे मुलांच्या तोंडी हिंदी आली, आणि त्यामुळे चित्रपटाचा पूर्वार्ध अधिक सच्चा झाला. उत्तरार्धात ही भाषा कथानकाबाहेरील प्रेक्षकाच्या सोयीसाठी सोडून दिल्यासारखी वाटते.

संपत्ती, गुन्हा आणि दोन भाऊ

बदनामी आणि अभिमान यांच्या वादात चित्रपटातील एक महत्त्वाचे आशयसूत्र दुर्लक्षित राहिले. अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीवर उभा राहून सलीम जमालला खालचा परिसर दाखवितो. जेथे त्यांची वस्ती होती, तेथे आता इमारती उभ्या राहत आहेत; आणि सलीम ज्याच्यासाठी काम करतो तो जावेद या धंद्यातील धनी आहे. महेश मांजरेकर यांनी साकारलेला हा जावेद केवळ गुंड नाही. झोपडपट्टीच्या जमिनीचे संपत्तीत रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेचा तो प्रतिनिधी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते, तेथे जमीन हाच संपत्तीचा पहिला प्रश्न ठरतो. चित्रपट या सूत्राला स्पर्श करतो, परंतु त्याचा पाठपुरावा करीत नाही.

दोन भावांची विभागणीही याच दृष्टीने तपासण्याजोगी आहे. जमालचा पैसा नियतीचा आणि म्हणून निर्मळ. सलीमचा पैसा गुन्ह्याचा आणि म्हणून शापित, अशी ही मांडणी आहे. सलीम नोटांनी भरलेल्या न्हाणीत मरतो आणि जमाल करोडपती होतो. तथापि कथानकातील घटना या विभागणीला दुजोरा देत नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या जनकाचे नाव जमालला ठाऊक असते, कारण सलीमने त्याच शस्त्राने ममनचा खून केलेला असतो. अखेरच्या प्रश्नाच्या वेळी दूरध्वनीवर लतिका येते, कारण सलीमने तिला स्वतःचा दूरध्वनी देऊन पळून जाण्याची वाट मोकळी केलेली असते. निर्मळ संपत्तीची वाट शापित भावाने खुली केली आहे. विधिलिखिताची भाषा ही वस्तुस्थिती झाकून टाकते, आणि प्रेक्षक एका भावाच्या विजयात दुसऱ्याचे ऋण विसरतो. चित्रपटाची खरी उणीव दारिद्र्य दाखविण्यात नसून ती येथे आहे.

समारोप

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) या चित्रपटातही मुंबईतील रस्त्यावरची मुले होती. त्यातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. ‘स्लमडॉग’च्या निर्मात्यांनीही बालकलाकारांसाठी न्यास स्थापन केला. तरीही मे २००९ मध्ये, ऑस्कर सोहळ्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, चित्रपटातील दोन बालकलाकारांची वांद्र्यातील घरे अतिक्रमणविरोधी कारवाईत पाडली गेली. सलीमने इमारतीवरून जे दाखविले होते, तेच पडद्याबाहेर घडले.

यावरून असे म्हणता येईल की, या चित्रपटाविषयीची प्रेक्षकमते परस्परविरोधी दिसत असली, तरी त्यांपैकी बहुतेकांनी प्रतिमेचा विचार केला, जमिनीचा केला नाही. परदेशी प्रेक्षकाने करुणा पाहिली, देशी सुशिक्षिताने प्रतिष्ठा पाहिली. झोपडपट्टीतील प्रेक्षकाने मात्र आपले नाव पाहिले, आणि आपल्याकडे कोण कोणत्या शब्दांत पाहतो, हा प्रश्न विचारला. बेघर मुले आणि संपत्ती यांविषयीच्या कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन करताना या प्रेक्षकाला टाळ्या वाजविणाऱ्या जमावातून बाहेर काढून मत असलेला वाचक म्हणून मान्यता देणे, ही समीक्षेची प्राथमिक जबाबदारी ठरते.