अंगठ्याखालची चाल

फोनमधली नावांची यादी उघडावी. अंगठा काचेवर टेकवून वर ढकलावा आणि मध्येच उचलावा. यादी अंगठ्यासोबत निघते, अंगठा उचलल्यावरही पुढे जात राहते, मंद होत थांबते. टोक आलंच तर थोडी पलीकडे सरकते, खालचा रिकामा भाग दाखवते आणि आपल्या जागी परत येते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आटोपतं. टचस्क्रीनवर आपण दिवसभर जे जे करतो त्यात इतकी सुंदर घडण दुसऱ्या कशाची नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही हालचाल आज ज्या रूपात आपल्या हाती आहे ते रूप बास ऑर्डिंग या डच डिझायनरने ॲपलमध्ये घडवलं. 9 जानेवारी 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा कलाकारांच्या यादीवर नुसतं बोट फिरवून ते बीटल्सपर्यंत पोचले आणि सभागृहात आश्चर्याचे उद्गार निघाले. पुढे 2010 मध्ये जॉब्जनी जाहीरपणे सांगितलं, की मुळात काम चाललं होतं टॅब्लेटवर. यादीची ही सरकण्याची आणि टोकाला ताणली जाण्याची करामत पाहिली आणि याचा फोन करता येईल हे त्यांच्या मनात आलं.

काचेवर बोट ओळखण्याची विद्या त्याआधी चाळीसेक वर्षांची. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली अशा पडद्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या डोळ्यांसमोर विमान वाहतुकीचं नियंत्रण होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी 1970 च्या दशकात प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक स्पर्शपडदे बनवले. पण या पडद्यांवर बोटाने करायचं ते एकच, ठरलेली जागा दाबणं. बोटांच्या हालचालीला अर्थ देण्याचं मोठं काम अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन आणि जॉन इलायस यांनी केलं. टायपिंगने वेस्टरमनचे हात दुखत, म्हणून कमीत कमी जोर लागेल असं साधन त्यांना हवं होतं. त्यांची फिंगरवर्क्स ही कंपनी ॲपलने 2005 मध्ये घेतली.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीजवाहक द्रव्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. एका दिशेच्या पट्ट्यांत आळीपाळीने विजेचे ठोके सोडतात आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर ते मोजतात. बोट जवळ आलं की दोन पट्ट्यांमधलं थोडं विद्युतक्षेत्र ते आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे त्या छेदबिंदूपाशी विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित घटते. ही घट पिकोफॅरड या सूक्ष्म एककाच्याही अंशात मोजावी लागते. पट्ट्यांमधलं अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर असलं तरी बोटाची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळते, कारण बोट रुंद असल्याने एकाच वेळी अनेक छेदबिंदू झाकतं आणि त्यांच्या कमी-जास्त घटीवरून बोटाचा मध्य काढता येतो. बोटाचा जाडेपणाच इथे अचूकपणाला कारण होतो, ही मला फार आवडलेली गोष्ट.

अंगठा टेकवला तरी यादी लगेच हलत नाही. अँड्रॉइडमध्ये सुमारे सव्वा मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली असते. तेवढ्यात बोट उचललं तर तो टॅप, त्यापलीकडे गेलं तर सरकवणं. आपलं बोट कधीच पूर्ण स्थिर नसतं, हे जाणून ठेवलेली ही सवलत आहे. शिवाय अंगठा मुळापाशी जोडलेला, म्हणून तो सरळ रेघ ओढू शकत नाही. त्याचा कंसच होतो. यादी मात्र सरळ वर जाते, कारण सुरुवातीच्या हालचालीवरून दिशा ठरली की तिरकेपणा सोडून दिला जातो. आपण काय केलं यापेक्षा आपल्याला काय करायचं होतं, हे ती ओळखते.

पुढची पायरी सोबत चालण्याची. बोटाखाली जे नाव होतं ते बोटाखालीच राहिलं पाहिजे. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवला जात असेल तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम 16 ते 17 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बोट मोजायचं, जागा काढायची, चित्र तयार करायचं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग दाखवला होता. पडद्यावरचा चौकोन 100 मिलिसेकंद उशिराने हलला तर तो बोटामागे फरफटतो, 1 मिलिसेकंद उशिराने हलला तर बोटाला चिकटल्यासारखा वाटतो. आपण ज्याला ‘फोन छान चालतो’ म्हणतो त्यातला बराचसा भाग या सोबतीचा असतो.

मग अंगठा सुटतो. वेग ठरतो तो सोडण्यापूर्वीच्या अगदी शेवटच्या क्षणांवरून. म्हणून जोरात ओढून, क्षणभर थांबून, मग बोट उचललं तर यादी जागच्या जागी राहते. झटक्यात उचललं तर धावते. ॲपलच्या प्रणालीत नेहमीच्या यादीचा वेग दर मिलिसेकंदाला आधीच्या 0.998 पट होतो. एका सेकंदानंतर मूळ वेगाचा साधारण साडेतेरा टक्के उरतो, दोन सेकंदांनंतर दोन टक्क्यांहून कमी. शहाबादी फरशीवर सोडलेली गोटी अशी थांबत नाही. तिचा वेग जवळपास सारख्या दराने कमी होतो आणि ती शेवटी एकदम थबकते. यादीची अखेर मात्र लांबवलेली आहे, आणि ती डोळ्यांसाठी लांबवलेली आहे. आधीच्या धावेत अक्षरं नुसती पट्टे होऊन जातात. शेवटच्या संथ भागात ‘गॅसवाले’, ‘घरमालक’ अशी नावं एकेक करून वाचता येतात. हवं ते नाव दिसताच अंगठा टेकवावा, यादी थांबते. त्या स्पर्शाने ते नाव उघडत नाही, फोन लागत नाही. धावत्या यादीवरचा स्पर्श म्हणजे ‘थांब’, थांबलेल्या यादीवरचा म्हणजे ‘उघड’. हा फरक कुणीही शिकवला नाही, तरी सगळ्यांना येतो.

आणि शेवटी टोक. ऑर्डिंगची खरी प्रतिभा मला इथे दिसते. यादी संपल्यावर ती जागीच अडली तर प्रोग्रॅमच बंद पडला असं वाटे, ही त्याची अडचण होती. काच सपाट आणि कडक, त्यामुळे भिंत लागल्याचं बोटाला कळायचा मार्ग नाही. त्याने तो मार्ग डोळ्यांतून काढला. टोकापलीकडे ओढलं तर यादी बोटाबरोबर येते, पण पूर्ण नाही. सुरुवातीला बोटाच्या निम्म्याहून जरा जास्त, मग आणखी कमी, आणखी कमी. बोट पुढे आणि यादी मागे राहते, आणि या मागे राहण्यालाच आपलं मन ताण समजतं. काच तीच, बोटावरचा दाबही तोच, तरी काहीतरी ताणल्याचं हाताला जाणवतं. सोडल्यावर यादी परतते ती एका दमात, उसळ्या न मारता. दोन वेळा उसळली असती तर ते खेळणं झालं असतं. एकाच हालचालीतून तीन गोष्टी कळतात: फोन जागा आहे, तुमचं बोट पोचलं आहे, पुढे काही नाही. अक्षर नाही, खूण नाही, आवाज नाही. एवढ्या थोडक्यात एवढं सांगणारी दुसरी रचना मला संगणकाच्या सबंध जगात माहीत नाही.

या कल्पनेचं पेटंट ॲपलला 2008 मध्ये मिळालं आणि 2012 मध्ये सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात ते न्यायालयातही उभं राहिलं. अँड्रॉइडने बरीच वर्षं टोकाला उजेडाची एक कड दाखवली. ती सूचना म्हणून स्पष्ट होती, पण ती यादीच्या अंगातून येत नसे, वरून चिकटवलेली वाटे. 2021 मध्ये अँड्रॉइड 12 ने उजेड काढून यादीच ताणायला सुरुवात केली. ऑर्डिंगच्या रचनेत यादी जशीच्या तशी सरकते, इथे अक्षरं लांबट होतात. मला पहिली जास्त सभ्य वाटते; वाचायच्या मजकुराचा आकार मोडू नये.

खरं नुकसान झालं ते टोकच काढून टाकल्याने. 2006 मध्ये अझा रास्किन या डिझायनरने अखंड स्क्रोलची कल्पना मांडली आणि पुढे त्याबद्दल त्याने स्वतः जाहीर खंत व्यक्त केली. बातम्या, व्हिडिओ, खरेदी, सगळीकडे यादी संपतच नाही. त्यात या रचनेचा शेवटचा, सर्वांत मोलाचा भाग उरतच नाही.

प्रत्येक पडद्याला ही चाल हवीच असं नाही. तिकिटाच्या किंवा पैशांच्या यंत्रावर ओल्या हातांनी, घाईत, अनोळखी माणसं येतात. तिथे मोठी बटणं आणि दाबल्याची ठळक खूण हेच योग्य. पण यादी असेल तर ती यादीसारखी वागली पाहिजे. मराठीत ॲप बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: तारखांचे, गावांचे, बँकेच्या शाखांचे तक्ते बनवताना सरकण्याची पद्धत स्वतः नव्याने लिहू नका. ती लिहिली की बोट मागे पडतं, यादी टोकाला ठोकर खाऊन थांबते आणि घरातली वयस्कर माणसं फोन बिघडला म्हणून तो बाजूला ठेवतात. फोनच्या प्रणालीत ही हालचाल तयार मिळते, फुकट मिळते. आहे तशी वापरा.