कुलवृत्तांत आणि धर्मग्रामाची नोंदवही

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे कुलवृत्तांत लिहिण्याची हौस वाढीस लागली आहे. चर्चच्या महोत्सवी स्मरणिकांतही घराण्यांच्या मुळाचा शोध घेणारे लेख दिसू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. मात्र हौसेला साधनांची जोड नसेल तर जे निर्माण होते तो इतिहास नसून घराण्याचे स्तोत्र असते. असेच एक हस्तलिखित मध्यंतरी अभिप्रायार्थ आमच्याकडे आले. घराण्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण त्यातील गुणदोष एकाच घराण्याचे नाहीत.

प्रथम गुण सांगू. वाडीतील विहिरी, शेतांची नावे, लग्नातील गाणी, आजीच्या तोंडच्या आठवणी हे सारे लेखकाने मायेने टिपले आहे. हे धन कोणत्याही दप्तरात सापडणारे नव्हे. वृद्ध माणसे हयात असताना ते गोळा केल्याबद्दल लेखक अभिनंदनास पात्र आहे.

परंतु पहिल्याच प्रकरणात घराण्याचा मूळपुरुष एक पोर्तुगीज सरदार ठरविला आहे, आणि पुरावा एकच, आडनाव! वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा होता. या काळात स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबास मिळण्याची प्रथा होती. तेव्हा आडनाव संस्काराची साक्ष देते, रक्ताची नव्हे. ज्या शेतकऱ्याच्या घामावर हे घर उभे राहिले त्याला बाजूस सारून एका काल्पनिक सरदारास ओटीवर बसविण्यात कोणता गौरव आहे?

दुसरा दोष वाचनाचा. जुलैच्या मुसळधार पावसात होडीतून चर्चला नेलेल्या बाळाचे मोठे रम्य वर्णन हस्तलिखितात आहे. आम्ही मूळ नोंद काढून पाहिली. तेथे महिना ‘७ब्रो’ असा लिहिला आहे. लेखकाने तो सातवा महिना मानला. वास्तविक हा ‘सेतेंब्रो’चा, म्हणजे सप्टेंबरचा संक्षेप. ‘सेते’ म्हणजे सात. याच रीतीने ८ब्रो म्हणजे ऑक्टोबर आणि ९ब्रो म्हणजे नोव्हेंबर. आधीच्या ओळीवर नजर टाकली असती तरी शंका आली असती, कारण ती नोंद ऑगस्टची आहे. एक नोंद सुटी वाचू नये, पान वाचावे.

या वह्यांचे सामर्थ्य आपल्या लेखकांना पुरते उमगलेले नाही. विवाहांची नोंद ठेवण्याची, तसेच स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घेण्याची आज्ञा ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली दिली. १९०८ पासून विवाहाची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासात लिहिण्याचा नियम झाला. त्यामुळे जन्माच्या ओळीवरून विवाहाच्या पानापर्यंत पोहोचता येते. एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असली तर आईचे नाव आणि धर्ममातापिता यांवरून ती वेगळी करता येतात.

वही थांबते तेथे शोध थांबविण्याचे कारण नाही. तहसील कार्यालयातील फेरफार नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. १७३९ नंतरच्या वसई प्रांताचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. पोर्तुगीज राजवटीचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. ते दप्तर १५९५ साली दियोगु दु कोतो यांच्या स्वाधीन करण्यात आले होते. डॉ. जोसे गर्सन दा कुन्हा यांचा चौल आणि वसईवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालचा आहे, पण आपल्या स्मरणिकांत त्याचा आधार क्वचितच दिसतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. अस्सल कागदाचा तो आग्रह आपणही अंगीकारावा.

आता सर्वांत गंभीर दोष. शंभर वर्षांहून जुन्या एका नोंदीत पित्याच्या जागी ‘अज्ञात’ असा शब्द आहे. लेखकाने ते मूल काकांच्या नावावर चढविले. त्याचा संकोच आम्ही समजू शकतो. असे प्रकरण छापू नये असे वाटले तर तसे स्पष्ट लिहून ओळ मोकळी सोडावी, पण खोटी ओळ भरू नये. शिवाय लेखकाने ती नोंद शेवटपर्यंत वाचलीच नाही. त्या बाळाचा धर्मपिता म्हणून वाडीच्या मुख्य वडीलधाऱ्याचे नाव तेथे आहे. आई बाळाला घेऊन चर्चच्या दारी आली, तेव्हा गावातील सर्वांत प्रतिष्ठित मनुष्य तिच्या बाजूने उभा राहिला. संपूर्ण कुलवृत्तांतात याहून उदात्त प्रसंग नाही, आणि तोच गाळला गेला! संत मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि उरीयाची पत्नी यांना गाळले नाही. आपली घराणी त्याहून थोर आहेत काय?

दोष केवळ लेखकांचा नाही. उमेदीच्या काळात आमच्या ताब्यातील एका कपाटाकडे आमचे दुर्लक्ष झाले आणि विवाहांची एक वही वाळवीने पोखरली. ती पाने आता कोणालाही वाचता येणार नाहीत. जुन्या वह्या जपणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे आणि हयात माणसांच्या नोंदींची गोपनीयता राखणे हेही. वाचकांनी रीतसर अर्ज करावा, वेळ मागून घ्यावी आणि धीर धरावा. आम्ही कपाट उघडू.

हस्तलिखित आम्ही लेखकास परत पाठविले आहे. सरदार वजा करावा, सप्टेंबर दुरुस्त करावा आणि त्या धर्मपित्यास त्याची जागा द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.