उरलेल्या मजकुराची लाल खूण

पानात मावेना इतका मजकूर झाला, तर काय करायचं? वर्ड आणि पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर पेजमेकर यांच्या वाटा या प्रश्नापाशी वेगळ्या होतात.

वर्डचं उत्तर सरळ आहे: पुढचं पान घ्या. १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा वर्ड प्रोसेसर घडवला. सिमोनी तिथली समज घेऊन मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आला. या परंपरेत खरा असतो तो मजकूर. पान हे केवळ हिशेबाचं उत्तर. टंक बदला, समास वाढवा, पानं पुन्हा मोजली जातात. कादंबरी किंवा प्रबंध लिहिणाऱ्याला हेच हवं असतं. वाक्य सुचत असताना कागद कुठे संपतो याची त्याला फिकीर नसते, आणि नसावीच.

पेजमेकरमध्ये पान आधी येतं. १९८५ साली सिॲटलच्या आल्डस कंपनीने तो आणला. कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड वृत्तपत्रांच्या निर्मितीतून आलेले, त्यामुळे कापलेला मजकूर पानावर चिकटवण्याचं पेस्टिंगचं टेबलच त्यांनी पडद्यावर मांडलं. मधोमध पान आणि भोवती मोकळी जागा. जागा न मिळालेलं छायाचित्र किंवा मनाजोगा न जमलेला मथळा त्या मोकळ्या जागेत ठेवायचा. पान उलटलं तरी तो तिथेच राहतो, हाताशी. निर्णय लांबणीवर टाकण्याची इतकी सुंदर सोय मी दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही.

पण पेजमेकरचा खरा कस लागतो मजकूर ओतताना. ‘प्लेस’ म्हणून फाइल निवडली की कर्सरचं रूप पालटतं. तो आता मजकूर घेऊन उभा असतो. स्तंभाच्या माथ्यावर क्लिक करा, मजकूर स्तंभाच्या तळापर्यंत उतरतो आणि थांबतो. या तुकड्याच्या वर एक रेघ, खाली एक रेघ, प्रत्येक रेघेच्या मधोमध छोटी कडी. वरची कडी रिकामी असेल तर लेख इथून सुरू होतो. खालच्या कडीत अधिकचिन्ह असेल तर तो दुसऱ्या तुकड्यात पुढे चालू आहे. आणि तिथे लाल बाण खाली तोंड करून उभा असेल, तर मजकूर उरला आहे. बाणावर क्लिक केलं की उरलेला मजकूर पुन्हा कर्सरवर येतो. खालची रेघ वर ओढली तर इथल्या ओळी पुढच्या तुकड्यात सरकतात. एकही शब्द हरवत नाही, आणि उरलेलं कुठे जावं हे सॉफ्टवेअर परस्पर ठरवत नाही. एवढ्याशा खुणेत संपूर्ण लेखाचा नकाशा आहे!

आपल्याकडे श्रीलिपीचे टंक घेऊन पेजमेकरमध्ये किती दिवाळी अंक लागले, ते त्या काळच्या डीटीपीवाल्यांना विचारावं. लेखाच्या तीन ओळी उरल्या की काम थांबायचं. छायाचित्र थोडं लहान करायचं? दोन ओळींमधलं अंतर अर्ध्या पॉइंटाने कमी करायचं? की एक विशेषण काढायचं? बहुतेक वेळा ते विशेषण गेल्याने लेख सुधारायचा. वर्ड पानाच्या माथ्याशी वा तळाशी एकाकी पडणारी ओळ टाळतो हे खरं, पण तोही परस्परच. तीन ओळींसाठी तो नवं पान उघडतो आणि कुणालाही विचारत नाही.

पेजमेकरला मर्यादा होत्याच. त्याच्या टेबलावर बसून लिहिणं त्रासाचं होतं. म्हणून चौथ्या आवृत्तीत ‘स्टोरी एडिटर’ आला, म्हणजे मांडणीच्या पोटात एक छोटा वर्ड प्रोसेसर. युनिकोड त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस विकत घेतली, २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर थांबला. आता त्याच्या जागी इनडिझाइन आहे. त्यातही मजकूर उरला की चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह उमटतं.

म्हणून अंक काढणाऱ्यांना एक विनंती. लेख वर्डमध्ये खुशाल लिहून घ्या, पण पानं लागत असताना ऑपरेटरला एकटं सोडू नका. ती लाल खूण उमटेल तेव्हा संपादकाने शेजारच्या खुर्चीवर असावं.