पहिल्या कसोटीचा धावफलक वाचताना

मेलबर्न, मार्च १८७७. इंग्लंडविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावाच्या धावफलकातली सगळ्यात वरची ओळ अशी आहे: चार्ल्स बॅनरमन, जखमी होऊन निवृत्त, १६५. सगळ्यात खालची ओळ: एकूण २४५. मधे दहा फलंदाज. त्यांच्या धावा क्रमाने १, १२, १, १५, ५, ०, १७, १८, ३, ०. बेरीज ७२. अवांतर ८.

कसोटी क्रिकेटचा हा पहिला डाव. पूर्ण झालेल्या डावात एकट्या फलंदाजाने धावांचा एवढा मोठा वाटा उचलल्याचं दुसरं उदाहरण दीडशे वर्षं होत आली तरी नाही. हा विक्रम सगळ्यांना पाठ आहे. पण धावफलक नुसता वरून खाली वाचला तर एवढंच हाती लागतं. तो आडवा वाचावा, खालच्या गोलंदाजीच्या पृथक्करणाशी ताडून वाचावा, विकेट किती धावांवर पडल्या ते बघत वाचावा. मग त्यातली माणसं हलू-बोलू लागतात.

आधी तो ‘जखमी होऊन निवृत्त’ शेरा बघा. बाकीच्या नावांसमोर कुणाचा त्रिफळा, कुणाचा झेल, कर्णधार डेव्ह ग्रेगरी धावबाद, शेवटी गॅरेट नाबाद १८. बॅनरमनसमोर कुठल्याच गोलंदाजाचं नाव नाही. २४० धावा झालेल्या असताना जॉर्ज युलिएटच्या चेंडूने त्याचं बोट फोडलं आणि तो तंबूत परतला. आता युलिएटचं पृथक्करण पाहा: २५ षटकं, १२ निर्धाव, ३६ धावा, बळी शून्य. तो डाव ज्याच्या चेंडूने थांबला, त्याच्या खात्यात काहीच जमा नाही. नियमाने ते बरोबरच आहे. तरी त्या शून्यापाशी थांबावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

त्याच रकान्यात टॉम आर्मिटेजची ३ षटकं आणि १५ धावा आहेत. बॅनरमनच्या दहाही धावा झाल्या नव्हत्या तेव्हा याच आर्मिटेजने त्याचा सोपा झेल सोडला. ती चूक धावफलकात कुठेच नाही. १६५ या आकड्याच्या पोटात ती आहे.

आणि मग आल्फ्रेड शॉ! कसोटी क्रिकेटचा पहिला चेंडू टाकणारा हा नॉटिंगहॅमशायरचा गोलंदाज. त्याचे आकडे सावकाश वाचावेत: ५५ षटकं ३ चेंडू, ३४ निर्धाव, ५१ धावा, ३ बळी. त्या काळी षटक चार चेंडूंचं असे. म्हणजे २२३ चेंडूंत ५१ धावा. समोरचा माणूस १६५ करतोय आणि हा षटकाला एक धावसुद्धा देत नाही! या धावफलकाचं सगळं सौंदर्य माझ्या मते इथे आहे. बॅनरमनने शॉच्या प्रत्येक धावेवर आपलं नाव कोरलं असतं तरी ११४ धावा त्याला दुसऱ्यांकडूनच वसूल कराव्या लागल्या असत्या. एका बाजूने लगाम खेचलेला, दुसऱ्या बाजूने जे मिळेल ते लुटलेलं. दोघेही त्या दिवशी आपापल्या जागी अजिंक्य होते. आपण बॅनरमनचं कौतुक करतो तेव्हा शॉची ती ३४ निर्धाव षटकंही डोळ्यांपुढे हवीत. त्यांच्याशिवाय १६५ची किंमतच कळत नाही.

आता विकेट कशा पडल्या ते बघू. पहिली २ धावांवर, दुसरी ४० वर, तिसरी ४१ वर. चौथी थेट ११८ वर. म्हणजे ७७ धावांची भागीदारी, आणि त्यात ब्रॅन्सबी कूपरच्या धावा सगळ्या मिळून १५. हा कूपर जन्मला आपल्या कानपूरला, १५ मार्च १८४४ रोजी. म्हणजे सामना सुरू झाला तो त्याचा वाढदिवस. पंधरा धावा करून एका बाजूला उभं राहणं हीसुद्धा फलंदाजीच आहे, हे तो ४१ ते ११८ चा टप्पा सांगतो. पुढे १४३ वर सहावा गडी पडला, तेव्हा ब्लॅकहॅमने तेच काम केलं, त्याच्यानंतर गॅरेटने. पहिला दिवस संपला तेव्हा ६ बाद १६६, त्यात बॅनरमनच्या १२६.

या संघाला ऑस्ट्रेलिया म्हणायचं खरं, पण बॅनरमन, मिडविंटर, केंडॉल यांचा जन्म इंग्लंडचा, होरानचा आयर्लंडचा. मिडविंटर तर पुढे इंग्लंडकडून खेळला आणि परत ऑस्ट्रेलियाकडे आला. आणि ज्याच्या नावापुढे कसोटीतला पहिला भोपळा आहे तो नेड ग्रेगरी, कर्णधाराचा भाऊ. यानेच पुढे सिडनीच्या मैदानाची देखभाल केली आणि तिथला प्रसिद्ध धावफलक उभारला. त्याचा मुलगा सिड ५८ कसोट्या खेळला.

काही नावं धावफलकात नाहीत, तीही वाचायला हवीत. इंग्लंडचा यष्टिरक्षक टेड पूली एका पैजेवरून झालेल्या मारामारीच्या प्रकरणात न्यूझीलंडमध्येच अडकून पडला होता. यष्ट्यांमागे उभा राहिला सेल्बी. इंग्लंडचा कर्णधार लिलीव्हाइट याच्या संघात सगळे व्यावसायिक खेळाडू होते, त्यामुळे हौशी डब्ल्यू. जी. ग्रेस नाही. ऑस्ट्रेलियाकडे गोलंदाज स्पॉफर्थ नाही, कारण मर्डॉकला यष्टिरक्षक घेतलं नाही म्हणून तो खेळायला तयार झाला नाही. सामन्याला ‘कसोटी’ हे नाव आणि ‘पहिली’ हा मान पुष्कळ पुढे, मागच्या सामन्यांची यादी करताना मिळाला. उणीपुरी माणसं घेऊन खेळलेला सामना होता तो.

इंग्लंडच्या १९६ मध्ये ज्युपच्या ६३. दुसऱ्या डावात बॅनरमन पुन्हा खेळायला आला. युलिएटनेच त्याचा ४ वर त्रिफळा उडवला. पहिल्या डावातला हिशेब असा मिटला. ऑस्ट्रेलिया १०४, शॉचे ५ बळी ३८ धावांत. इंग्लंडला हव्या होत्या १५४.

इथून पुढचा धावफलक टॉम केंडॉलचा आहे आणि तो फार कमी वाचला जातो, याचं मला वाईट वाटतं. डावखुरा फिरकी गोलंदाज. ५५ धावांत ७ बळी. इंग्लंड १०८ वर आटोपलं, ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. पहिल्या डावात बॅनरमनने एकट्याने जे उभं केलं, ते शेवटच्या डावात केंडॉलने राखलं. बॅनरमनचं नाव पहिल्या ओळीत असल्यामुळे डोळा तिथेच अडकतो. त्याच्या प्रथम दर्जाच्या कारकिर्दीतलं ते एकमेव शतक होतं. केंडॉलला तर त्याच महिन्यात सुरू झालेली दुसरी कसोटी तेवढी मिळाली. दोन सामने, १४ बळी. तिसऱ्यांदा त्याला ऑस्ट्रेलियाने खेळवलंच नाही.